पाच पौंडांत काय आलं

म्युरिअल एंटविसलचं आणि त्या पाटीचं भांडण सुरू झालं ते २०११ सालच्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी.

उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या ऑर्मक्लिफ गावात कालव्याकाठच्या जुन्या कापडगिरणीच्या गोदामात एक छोटं संग्रहालय आहे. दोन खोल्या, तीन माग, लाकडी तळव्यांच्या बुटांचं एक कपाट. म्युरिअल तिथे आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी बसायची. त्या दिवशी मी वाचनालयातून काही जुने फोटो पोचवायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

भिंतीवर सेलिना नटॉल नावाच्या मुलीची गोष्ट लावलेली होती. १९०८ च्या फेब्रुवारीत, जेवणाच्या सुट्टीत, गिरणीमालक फेअरहर्स्ट यांची चार वर्षांची मुलगी कालव्यावरच्या बर्फावरून घसरली, बर्फ फुटलं आणि ती आत गेली. बावीस वर्षांची सेलिना त्यांच्याच गिरणीत विणकर होती. तिने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून पोरीला वर काढलं. मालकांनी मॅनेजरच्या हाती तिला सोन्याचे पाच सॉव्हरिन, म्हणजे पाच पौंड पाठवले. गोष्टीच्या शेवटी कंसात लिहिलं होतं: आजचे सुमारे पाचशे पौंड.

एक पाहुणा ते वाचून मोठ्याने हसला. चांगला सुटाबुटातला माणूस, बायको बरोबर. "पाचशे!" तो म्हणाला. "पोटच्या पोरीच्या जिवाचे पाचशे! माझ्या मेहुण्याने कुत्रा शोधून देणाऱ्याला याहून जास्त दिले. आणि या बयेने ते गपगुमान घेतले?"

म्युरिअल खुर्चीतून उठली. बुटकी, रुंद, त्र्याहत्तर वर्षांची, केस नेहमी नुकतेच सेट केलेले. "आणि तुम्ही असता तर काय केलं असतं, साहेब?" तिने विचारलं.

"मी? तोंडावर फेकले असते."

"पाच पौंड? १९०८ साली?" ती म्हणाली. "तुम्ही वाकून उचलले असते, आणि सहावा कुठे घरंगळला का ते बघायला कपाटाखाली वाकला असता."

बायको हसली. तो नाही हसला. ते गेल्यावर म्युरिअल पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, पाचशे कुणी ठरवले गं?"

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते, पण म्युरिअलच्या लेखी तिच्यापेक्षा लहान ती प्रत्येक बाई पोरगीच.

तिला हा प्रश्न पडावा यात मला नवल वाटलं नाही. जुने पैसे हा तिचा हातचा मळ होता. तिच्या आईने आणि दोन्ही मावश्यांनी मागावर आयुष्य काढलं. आई एका कानाने पूर्ण बहिरी झाली, आणि तिने ठरवलं की ही पोरगी काही मागांच्या शेडमध्ये जाणार नाही. म्हणून म्युरिअल एकविसाव्या वर्षी नगरपालिकेच्या बसवर कंडक्टर झाली. छातीवर तिकिटाचं यंत्र, कमरेला चामड्याची थैली. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. चालत्या बसमध्ये, वळणावर एका हाताने दांडा धरून, ती हिशेब तोंडाने सांगायची. दोन मोठे सात-सात पेन्सचे, तीन पोरं साडेतीन-साडेतीनची, हातात अर्धा क्राउन म्हणजे तीस पेन्स, परत साडेपाच पेन्स. समोरच्याने थैलीकडे बघेपर्यंत नाणी त्याच्या तळहातावर. तिला नाणं बघावंही लागत नसे. बोटांना कडा कळायच्या.

त्याच बसचा ड्रायव्हर स्टॅन एंटविसल तिच्यावर भाळला तो यावरूनच. "मला सात आणि आठ मिळवायला पायाची बोटं मोजावी लागतात," तो सांगायचा, "म्हटलं, घरात एकाला तरी यायला हवं." लग्न झालं. मूल झालं नाही. ते दोघांनी एकदाच मनाला लावून घेतलं आणि नंतर त्यावर बोलले नाहीत.

मग १९७१ चा फेब्रुवारी आला आणि सरकारने पैसेच बदलले. पौंड तोच, पण आता त्याचे शंभर पेन्स. शिलिंगला पाच नवे पेन्स. म्युरिअल तो पहिला आठवडा नाटकासारखा करून दाखवायची. एक म्हातारा रोज बाजारापर्यंत शिलिंगाच्या तिकिटावर यायचा.

"पाच पेन्स, आजोबा."

"काल शिलिंग होता."

"तेच ते. शिलिंग म्हणजेच पाच पेन्स."

"शिलिंगात बारा पेन्स असतात, बये. मी सत्तर वर्षं मोजतोय."

"आता पाच असतात."

"मग उरलेले सात कुठे गेले?"

अख्खी बस वाट बघत होती. म्युरिअल म्हणाली, "लंडनला गेलेत, आजोबा. सगळंच जातं." बस हसली, म्हाताराही हसला, पण उतरताना पुन्हा म्हणाला, "सात पेन्स, हं. लक्षात आहे माझ्या."

हे ती रंगवून सांगायची. न रंगवता एकदाच सांगितलं, स्टॅन गेल्यानंतर. म्हणाली, "त्या आठवड्यात घरी येऊन मी न्हाणीघरात रडले. नवे पैसे अवघड म्हणून नाही गं. सोपे होते म्हणून. दहा-दहाने मोजायचं, कुणालाही जमेल. मला जे येत होतं ते एका सोमवारी सकाळी कुणालाच नको झालं."

पुढे बसवरचे कंडक्टरही नको झाले. ड्रायव्हरच तिकीट देऊ लागला. म्युरिअल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली.

तर, पाचशे कुणी ठरवले? ठरवले होते डेस्मंड होलरॉइड यांनी. हे संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, उंच, बारीक, स्वेटरच्या खालीही टाय. म्युरिअल त्यांना तोंडावर मास्तर म्हणायची.

"अहो मास्तर, हे पाचशे कुठून आणले?"

"सरकारी तक्ता असतो," ते म्हणाले. "दरवर्षी किमती किती वाढल्या ते सरकार मोजतं. १९०८ चा एक पौंड म्हणजे आजचे साधारण शंभर. पाच म्हणजे पाचशे. मी घरी बसून रचलेलं नाही."

"किमती कशाच्या?"

"सगळ्याच्या. पाव, कोळसा, कपडे, भाडं. सरासरी."

"सेलिना सरासरी घ्यायला जायची का दुकानात? अर्धा किलो सरासरी द्या म्हणून?"

"म्युरिअलबाई," मास्तर चष्मा काढत म्हणाले, "लोकांना एक आकडा हवा असतो. पाटीवर दोन ओळींची जागा आहे. तुम्हाला याहून चांगला आकडा सापडला तर आणा. मी लावतो."

चूक त्यांचीही नव्हती. पण म्युरिअलला असं म्हणणं म्हणजे बसची घंटी वाजवण्यासारखं होतं. ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायला मी आले तर ही पायरीवर उभी. आमच्याकडे १९०८ च्या स्थानिक वर्तमानपत्राच्या मायक्रोफिल्मच्या फिती आहेत. ते यंत्र कसं फिरवायचं हे तिला एकदाच दाखवावं लागलं. पुढचे तीन आठवडे ती तिथे डबा घेऊन बसायची. बातम्यांकडे बघायचीच नाही. नुसत्या जाहिराती. अधूनमधून तिची हाक यायची आणि वाचत बसलेली माणसं दचकायची.

"पोरी! अंडं पेनीला एक!"

"हळू बोल, म्युरिअल."

"पेनीला एक, अगं! म्हणजे पाच पौंडांत बाराशे अंडी!"

मग ती बाजारात जाऊन आजची अंडी विचारून आली. डझनाला अडीच पौंड. शंभर डझनांचे अडीचशे. मास्तरांच्या आकड्याच्या निम्मे. ती जरा खट्टू झाली. चहाचंही तेच. त्या काळी चहा महाग होता. पाच पौंडांत तीस किलो यायचा, आणि तेवढा चहा आज दोनशे चाळीसला मिळतो.

"म्हणजे मास्तरांनी उलट वाढवूनच सांगितलं की," मी म्हणाले.

"थांब जरा. सेलिना काय अंडी खाऊन जगत होती?"

मग कोळसा निघाला. एका शिलिंगाला मोठं पोतं. पाच पौंडांत शंभर पोती, आणि आज पोत्याला पंधरा पौंड, म्हणजे दीड हजार. मग घरभाडं. सेलिना राहायची त्या गल्लीतल्या घराला आठवड्याला साडेचार शिलिंग. बावीस आठवडे घर. तीच घरं अजून उभी आहेत. म्युरिअलने त्यातल्याच एका दारावर टकटक करून तिथल्या तरुण नवरा-बायकोला विचारलं की तुम्ही भाडं किती देता. तिने ते इतक्या साधेपणाने विचारलं की त्यांनी सांगूनही टाकलं, वर चहा पाजला. एकशे दहा. बावीस आठवड्यांचे चोवीसशे वीस.

आणि शेवटी पगार. चार माग सांभाळणाऱ्या विणकर बाईला आठवड्याला पंचवीस शिलिंग. पाच पौंड म्हणजे शंभर शिलिंग. बरोबर चार आठवडे. पहाटे सहा ते संध्याकाळी साडेपाच, शनिवारी दुपारपर्यंत.

तिने हे सगळं एका बिस्किटाच्या पुठ्ठ्यावर लिहून मास्तरांच्या पुढे ठेवलं. मास्तरांनी ते नीट वाचलं. दोनदा वाचलं. माणूस प्रामाणिक होता.

"अडीचशेपासून चोवीसशेपर्यंत," ते म्हणाले. "यातला मी कुठला लावू?"

"तेच तर कळत नाही, मास्तर."

"मग पाचशेच राहू दे. मध्ये कुठेतरी येतो."

म्युरिअलने पुठ्ठा उचलला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आपण चुकीचं विचारतोय. पाच पौंडांत काय काय येतं ते मी शोधत बसले. सेलिनाने काय आणलं ते बघायला हवं होतं."

गावात त्याविषयी बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणे ते पैसे बापाने दारूत उडवले. कुणी म्हणे तिने कॅनडाचं जहाज पकडलं. माझ्या वाचनालयात सफाईला येणारी बाई छातीठोकपणे सांगायची की तिने ते मालकाच्या दारात ठेवून पाठ फिरवली. तीच कथा लोकांना सर्वांत आवडायची.

सेलिना कॅनडाला गेली नव्हती एवढं मला सापडलं. १९६१ च्या वर्तमानपत्रात चार ओळींची मृत्यूची बातमी होती: सेलिना पिलिंग, माहेरची नटॉल, मागे दोन मुली. धाकटीचं नाव नोरा. नोराने लग्न केलं नव्हतं, टेलिफोन खात्यात नोकरी केली होती आणि आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी डोंगरापलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात राहत होती. म्युरिअलने फोन केला. पलीकडून आवाज आला, "आईबद्दल? या की. पण बुधवारी नको, बुधवारी माझे केस सेट करायचे असतात."

गुरुवारी आम्ही दोघी निघालो. दोन बस बदलून. म्युरिअल वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसली आणि वाटेत ड्रायव्हरचं प्रत्येक वळण नापसंत करत राहिली.

नोरा पिलिंग खिडकीपाशी बसली होती. लांब हाडांची, ताठ, ओठांना हलकी लाली. म्युरिअलने घरी भाजून नेलेलं बिस्किट तिने आधी उलटं करून खाली जळलंय का ते बघितलं, मग घेतलं. म्युरिअलने त्या पाहुण्याची गोष्ट सांगितली, पाचशेची, तोंडावर फेकण्याची.

"फेकायचे?" नोरा म्हणाली. "कशाला? आईला ते हवे होते."

"मालक स्वतः आला नाही, मॅनेजरला पाठवलं, याचं वाईट नाही वाटलं तिला?"

"वाईट? सुटले म्हणाली. तो आला असता तर बसवला कुठे असता? घरात धड पायांची एकच खुर्ची, आणि तिच्यात आजोबा. आजी मात्र म्हणाली होती की पैसे परत कर, जीव वाचवल्याचे पैसे घेऊ नयेत. तीन दिवस घरात तोच वाद. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, मी घेणार, आणि मला काय करायचंय ते मला माहीत आहे."

"काय केलं?" म्युरिअल खुर्चीच्या कडेवर आली होती.

नोराने बिस्किट खाली ठेवलं. "दात काढले."

आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"दात. सगळे. तुम्हाला काय माहीत तेव्हाचं! आईचे दात सोळाव्या वर्षापासून किडलेले. अर्धे पडलेले, अर्धे काळे. हिरड्या सुजायच्या. शेडमध्ये उभं राहून रडायची, आणि त्या आवाजात कुणाला ऐकूही जायचं नाही. बोलताना तोंडावर हात धरायची. आता शेडमध्ये कसं बोलतात ते ठाऊक आहे ना? तुझी आई होती का गं शेडमध्ये?"

"आई होती, मावश्या होत्या," म्युरिअल म्हणाली, आणि आवाज न काढता, ओठ मोठे हलवत काहीतरी बोलली. नोराने तसंच, आवाज न काढता, उत्तर दिलं. दोघी खो-खो हसल्या. काय बोलल्या ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"हां, तर असं बोलायचं," नोरा म्हणाली. "तीनशे मागांच्या खडखडाटात ओठ बघूनच सगळं. आणि आईचा हात तोंडावर. म्हणजे ती मुकीच. सहा वर्षं शेडमधल्या बायकांना वाटायचं, ही शिष्ट आहे, आपल्याशी बोलत नाही. पोरं तर विचारायचीच नाहीत. घरातही कमी बोलायची."

कापडाच्या दुकानावर माडीवर एक दंतवैद्य बसायचा. दात उपटणं आणि कवळी मिळून अडीच गिनी, म्हणजे दोन पौंड साडेबारा शिलिंग. चांगली कवळी, जत्रेतली नव्हे. सेलिना एका शनिवारी दुपारी कामावरून सुटली, माडी चढली आणि राहिलेले एकोणीस दात एका बैठकीत काढून घेऊन, तोंडाला शाल गुंडाळून, पायी घरी आली. सोमवारी सकाळी सहाला मागावर हजर.

"मग हिरड्या भरायला तीन महिने," नोरा म्हणाली. "तीन महिने बोळकं. आणि गंमत बघ, आता ती हात काढून बोलायला लागली, तर कुणाला काही कळेना! दात नाहीत म्हणून ओठ आत गेलेले. बायका म्हणायच्या, सेलिनाला कालव्याच्या पाण्यातून जर्मन भाषा लागली. कवळी आल्यावर ओठ पुन्हा बदलले. परत महिनाभर कुणाला कळेना. पण तोवर सगळ्यांना सवय झाली होती तिच्याकडे बघायची. माझा बाप तिथेच जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, ही काय बोलते हे कळावं म्हणून मी तिचे धड चालणारे माग दुरुस्त करायला जायचो."

म्युरिअल हसली नाही. ती ऐकत होती, हात मांडीवर, तोंड जरा उघडं.

"आणि उरलेले?" तिने विचारलं. "दोन पौंड साडेसात शिलिंग उरले."

नोराने तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "तू पटकन काढलंस गं."

"बसवर होते मी."

"गिरणीच्या जुलैतल्या सुट्टीत आजी, आई आणि दोघी बहिणी ब्लॅकपूलला जाऊन आल्या. तीन दिवस. आजीने तोवर समुद्र बघितला नव्हता. राहिले ते आजीच्या हातात दिले. त्याचं आजीने काय केलं ते आईने विचारलं नाही."

नोराने कपाटातून एक फोटो काढला. वाळूवर उभ्या चार बायका, काळे कपडे, मोठ्या टोप्या. तिघी कॅमेऱ्याला घाबरल्यासारख्या. चौथी तोंड भरून हसतेय, सगळे दात बाहेर. त्या काळच्या फोटोत मी असं कुणाला हसताना बघितलेलं नव्हतं.

"पाच पौंड कमी होते असं तिला कधी वाटलं का?" मी विचारलं.

"एकदा मी विचारलं होतं. म्हणाली, पाच दिले म्हणून घेतले. पन्नास दिले असते तर वाटलं असतं, पोरगी मी त्यांना विकली." नोराने उरलेलं बिस्किट संपवलं. "ती पोरगी, फेअरहर्स्टांची, पुढे मोठी होऊन आमच्या घरी यायची दर नाताळला. आईपाशी बसायची. काय बोलायच्या दोघी देव जाणे. पण ती आली की आई कवळी घासून ठेवायची."

निघताना नोराने म्युरिअलचा हात धरला. "थांब. तुला काही दाखवते." तिने फोटोच्याच कप्प्यातून रुमालात गुंडाळलेली एक पत्र्याची डबी काढली. आत सेलिनाची पहिली कवळी होती. गडद तपकिरी रबराच्या हिरड्या, पिवळट दात, एका बाजूला दुरुस्तीची तार. "आईने अठ्ठावीस वर्षं वापरली. नवी केली तरी ही टाकवेना तिला. मलाही टाकवेना. माझ्यामागे कुणी नाही. तुमच्या त्या संग्रहालयात ठेवता का?"

परतीच्या बसमध्ये म्युरिअल डबी मांडीवर धरून बसली होती. अर्ध्या डोंगरावर तिने झाकण उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाली, "आज दवाखान्यात सगळी कवळी दोनशे पौंडांत होते. सरकार मदत करतं. म्हणजे दातांच्या मापाने बघितलं तर पाच पौंड म्हणजे चारशेसुद्धा नाहीत." डबीवर बोट ठेवून, "आणि तरी काही जमत नाही बघ. सेलिनाला आज दोनशेत ते मिळणार नाही. आज सोळाव्या वर्षी दात किडून कुणी मुकं होत नाही." तिला उत्तर सापडलं नव्हतं, आणि तरी मी तिला इतकी खूश क्वचितच पाहिली होती.

समितीच्या बैठकीत डबी उघडली तेव्हा मास्तर खुर्चीसकट मागे सरकले.

"म्युरिअलबाई, इथे शाळेची मुलं डबे खातात."

"मग जरा सावकाश खातील."

"हे प्रदर्शनात मांडायचं? दात?"

"मास्तर, तुम्ही म्हणालात चांगला आकडा आणा, मी लावतो. आकडा मिळाला नाही. हे मिळालं."

मास्तरांनी डबीत पुन्हा डोकावलं. मग फोटो हातात घेतला. तो खाली ठेवून ते पुन्हा डबीवर वाकले. शेवटी ते म्हणाले, "ही तार बघा. कुणीतरी घरीच बसवलेली दिसते."

"जॉबर होता नवरा," म्युरिअल म्हणाली.

नवी पाटी मास्तरांनी स्वतः लिहिली, आणि दोन ओळींच्या नऊ ओळी झाल्या. पाच पौंड म्हणजे सेलिनाचा चार आठवड्यांचा पगार, बावीस आठवड्यांचं भाडं, शंभर पोती कोळसा किंवा बाराशे अंडी. तिने त्यातून एक कवळी घेतली आणि आई-बहिणींना समुद्र दाखवला. आजचे किती हे कंसातलं वाक्य गेलं. खाली काचेत फोटो आणि डबी. नोराला आणायला मास्तरांनी स्वतःची गाडी पाठवली. ती पाटी वाचून म्हणाली, "अंडी आईला आवडायची नाहीत," आणि मास्तरांनी खरोखर तिथे उभं राहून खिशातून पेन काढलं. तिने त्यांना थांबवलं. पुढच्या हिवाळ्यात नोरा गेली.

मुलं त्या कपाटाशी सगळ्यात जास्त थांबतात. शी करतात, मग वाचतात.

याचं पुढे असं झालं की लोक म्युरिअलकडे आपापल्या घरातलं घेऊन यायला लागले. आजोबांच्या पगाराचं पाकीट, लग्नाच्या अंगठीची पावती, पणजीच्या पत्रातलं एक वाक्य: विल्यमने तीन शिलिंग पाठवले, देव त्याचं भलं करो. "हे आजचे किती?" असं विचारायचे. म्युरिअल म्हणायची, "बसा. विल्यम काय करायचा? कुठल्या गावी? त्या आठवड्यात घरात माणसं किती?" आणि मग ती तोंडानेच शिलिंग-पेन्सची वजाबाकी करत त्या घराचा तो आठवडा उभा करायची. चाळीस वर्षं कुणाला नको असलेलं तिचं डोकं भरधाव चालायचं. एक दाढीवाला तरुण गणकयंत्र काढून तिच्याशी शर्यत लावायला बसला. तो बाराने भागेपर्यंत तिने त्याच्या पणजोबांचा तंबाखूही हिशेबात धरला होता. संग्रहालयाने गुरुवारी दुपारी तिला एक टेबल दिलं. कधी दोन माणसं, कधी दहा. एकदा एक बाई उत्तर ऐकून रडली. तिला आयुष्यभर वाटत आलं होतं की तिच्या आजीला मोलकरीण म्हणून फुकटात राबवलं, आणि म्युरिअलने दाखवलं की खरंच राबवलं. "काय करणार," म्युरिअल मला नंतर म्हणाली, "गोड उत्तर द्यायचं म्हणून मी पेनी वाढवू शकत नाही."

दहा वर्षं ते टेबल चाललं. शेवटची दोन वर्षं तिला ऐकू कमी यायचं. लोक ओठ नीट हलवून बोलले की तिचं भागायचं.

ती गेली त्याच्या आधीच्या वसंतात मी तिला भेटायला गेले होते. घरीच होती, खिडकीत पलंग लावून. बोलता बोलता मी सांगितलं की आमच्याकडे भारतातही पूर्वी असेच पैसे होते, तुमच्याच लोकांच्या राज्यात. सोळा आण्यांचा रुपया, आण्याला चार पैसे, पैशाला तीन पै.

तिने उशीवरून मान उचलली. "म्हणजे रुपयाला एकशे ब्याण्णव पै. आणि इतकी वर्षं हे तू मला सांगितलं नाहीस?"

"मी जन्मले तेव्हा नुकते बंद झाले होते. मला मोजता येत नाहीत."

"तुझ्या आईला यायचे?"

"आईला यायचे. आजीला तर चांगलेच. आजी साताऱ्याच्या बाजारात भाजी विकायची."

"भाजी कोणती?"

"वांगी. मेथी."

"मेथी कशी द्यायची? जुडीने की वजनाने?"

"जुडीने."

"जुडी किती पैशाला?"

मला माहीत नव्हतं. साठी उलटून गेली तरी आजीची मेथीची जुडी किती पैशाला जायची हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"तुझी ती साताऱ्याची मावशी आहे ना अजून? तिकडे आत्ता किती वाजले असतील?"

"रात्रीचे साडेआठ."

"म्हणजे जागी असेल," म्युरिअल म्हणाली. "लाव फोन."